मान दुखतेय? हँडलला हात लावण्याआधी सीट बघा

पन्नास-साठ किलोमीटरनंतर मान धरायला लागली की सायकलवाल्या मित्रांकडून दोनच सल्ले मिळतात. एक, "हँडल वर घे." दुसरा, "सवय होईल." दुसऱ्या सल्ल्यावर मी दोन हिवाळे काढले आणि पहिल्यावर नव्या स्टेमचे, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या तुकड्याचे, पैसे घातले. मान दुखायची ती दुखतच राहिली. कारण ते दुखणं बहुतेक वेळा मानेत जन्माला येत नाही. ते सीटवरून निघतं, तळहातांवर येतं, तिथून ताठ कोपरांतून खांद्यांत चढतं आणि शेवटी मानेवर येऊन बसतं. त्यामुळे दुरुस्तीही त्याच वाटेने, खालून वर करायची. पुढे दिलेला क्रम त्यासाठीच आहे. घाईत मधली पायरी गाळून थेट स्टेमवर जाऊ नका.

माझं दुखणं नागपूर ते रामटेकच्या फेरीत उघडं पडलं. जाताना पन्नास किलोमीटर मजेत गेले. गडाच्या पायथ्याशी चहा-पोहे झाले, तेव्हा खांदे जरा जड वाटत होते, एवढंच. परतताना कन्हानच्या अलीकडे मागून ट्रक येतोय का हे पाहायला गेलो, तर मान अर्ध्यावर अडकली. मागे पाहायचं तर अख्खं धड वळवावं लागत होतं, आणि धड वळलं की सायकलही वळते. हायवेवर हे परवडत नाही.

आधी एक प्रयोग, खुर्चीवर बसून

डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो. त्यावर हेल्मेटचे अडीचशे-तीनशे ग्रॅम. ताठ बसलो की हे ओझं मणक्यावर तोललेलं राहतं. पुढे वाकून समोर पाहायला लागलो की तेच ओझं मानेच्या मागच्या स्नायूंना तासन् तास धरून ठेवावं लागतं.

आता खुर्चीच्या कडेवर बसा, कोपरं गुडघ्यांवर टेका आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहा. पहिल्यांदा पाठीला पोक काढून, पोट आत घेऊन बसा. कवटीच्या खाली, जिथे केस संपतात तिथे बोटं ठेवा. मांसाची घट्ट घडी लागेल. आता पोक न काढता ओटीपोट पुढे झुकवा, म्हणजे वाकणं कंबरेखालून, खुब्यातून होऊ द्या. पाठ लांब ठेवा आणि त्याच घड्याळाकडे पाहा. बोटांखालची घडी सैल झालेली जाणवेल. उंची तीच, घड्याळ तेच, फक्त वाकण्याची जागा बदलली. सायकलवर तुम्ही पाठीतून वाकता की खुब्यातून, हे बऱ्याच अंशी सीट ठरवते.

लांब पल्ल्याच्या शर्यतींत मान किती सोसते याचं टोकाचं उदाहरण म्हणजे 'रेस ॲक्रॉस अमेरिका'. जवळपास ४,८०० किलोमीटरची ही शर्यत आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली एकट्याने पूर्ण केली. या शर्यतीत मानेचे स्नायू पूर्ण थकून डोकं उचलताच न येण्याच्या अवस्थेला 'शर्मर्स नेक' असं नावच पडलंय. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शर्मर या सायकलपटूची मान अशी गळाली होती, त्यावरून ते आलं. आपल्या रविवारच्या फेरीत गोष्ट इतकी टोकाला जाणार नाही, पण स्नायू तेच आणि त्यांची तक्रारही तीच.

एक गोष्ट इथेच सांगतो. हाताला मुंग्या येऊन त्या उतरल्यानंतरही राहत असतील, बोटांची पकड ढिली पडली असेल, चक्कर येत असेल किंवा पडल्यानंतर मान दुखायला लागली असेल, तर पाना खाली ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. हा लेख फक्त सायकल चालवताना दुखणाऱ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोकळ्या होणाऱ्या मानेसाठी आहे.

वही, टेप आणि पार्किंगची फरशी

साहित्य फार लागत नाही: ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की, मापाची टेप, इन्सुलेशन टेप, एका टोकाला नट बांधलेला दोरा म्हणजे घरगुती ओळंबा, आणि फोनमधलं लेव्हल दाखवणारं ॲप. सायकलला कार्बनचे भाग असतील तर टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती कसला ते मोजणारा पाना, हवाच. नसेल तर ते काम दुकानात करून घ्या. जुन्या पद्धतीच्या सीटला खाली नटांची पकड असते, तिला १३ किंवा १४ नंबरचा पाना लागतो.

काही हलवण्याआधी आजची मापं लिहून ठेवा. क्रँकच्या (पेडल जोडलेल्या दांड्याच्या) मधल्या बोल्टपासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटपोस्टच्या (सीटखालच्या नळीच्या) रेषेत. सीटच्या टोकापासून हँडलबारच्या मध्यापर्यंत. जमिनीपासून सीटची उंची आणि जमिनीपासून हँडलची उंची. सीटपोस्ट फ्रेममध्ये शिरतो तिथे टेपचा एक वेढा मारा, म्हणजे बिघडलं तर परत येता येतं. मी पहिल्या वेळी हे केलं नाही आणि दोन आठवड्यांनी मूळ जागा कुठे होती हेच आठवेना.

आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये मी हे सगळं करतो. तिथे एक फसगत झाली. पाणी वाहून जावं म्हणून पार्किंगच्या फरशीला उतार असतो. सीट समतल आहे असं फोन सांगत होता, प्रत्यक्षात ती दोन अंश खाली होती. तेव्हा आधी फरशी तपासा, किंवा एकदा मोजून सायकल उलट तोंडाने फिरवून पुन्हा मोजा आणि दोन्हींचा मध्य धरा.

सीटची उंची

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, पायांत वीतभर अंतर ठेवा. एक जाड पुस्तक पायांमधून वर घ्या, सीटवर बसल्याइतका दाब येईपर्यंत. पुस्तकाची वरची कड भिंतीला जिथे टेकते तिथे पेन्सिलची खूण करा. खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर ०.८८३ ने गुणा. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखला जाणारा हा हिशेब आहे; उत्तर म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. माझं माप ८१ सेमी, म्हणजे सीट साडेएकाहत्तरच्या आसपास हवी. होती ७३ वर.

उंच सीटचा मानेशी काय संबंध? प्रत्येक पेडलला पाय पुरेना की कंबर डावी-उजवीकडे डुलते. ती डुलणारी कंबर स्थिर ठेवायला हात हँडल घट्ट पकडतात. शिवाय सीट दीड सेंटिमीटर उंच म्हणजे हँडल तेवढंच खाली गेल्यासारखं. हँडल वर घ्यायला मी पैसे मोजत होतो आणि सीट खाली घेणं फुकट होतं.

सूत्राचं उत्तर म्हणजे सुरुवात. ताडून पाहायला भिंतीला धरून सीटवर बसा आणि टाच पेडलवर ठेवून उलटं पेडल मारा. पेडल तळाला असताना पाय सरळ व्हावा, पण कंबर कलू नये. मागून कुणाला तरी पाहायला सांगा, कारण स्वतःची कंबर स्वतःला कळत नाही.

सीटचा कल: खरी मेख इथे

वस्तीतले सायकलवाले काकाजी माझ्या सायकलकडे दोन मिनिटं नुसते पाहत होते. मग म्हणाले, "भाऊ, हँडल काय वर करून राहिले तुम्ही? पहिले सीट पाहा ना. समोरूनच घासून राहिली."

खरंच होतं. सीटच्या मागच्या रुंद भागावर कंपनीची खरखर अजून शाबूत होती आणि टोकाकडची चार बोटं जागा घासून गुळगुळीत, चकचकीत झाली होती. म्हणजे मी सीटवर बसतच नव्हतो, तिच्यावरून सतत पुढे घसरत होतो. बधिरपणा कमी होतो असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी टोक चार अंश खाली केलं होतं. घसरणारं शरीर थोपवायला हात पुढे ताठ रोवलेले, कोपरं कुलूपबंद, खांदे कानांशी, आणि त्या सगळ्यावर डोकं वर उचललेलं. शंभर किलोमीटर असं बसलात तर मान दुखणार नाही तर काय.

तुमच्या सीटवरही हीच खूण शोधा. झीज कुठे आहे ते पाहिलं की फार मोजमाप न करता अर्धं निदान होतं.

कल लावताना फोन थेट सीटवर ठेवू नका, मधल्या खोलगटपणामुळे तो चुकीचं दाखवतो. एक सपाट पट्टी किंवा जाड पुठ्ठ्याची वही सीटवर लांबीने ठेवा आणि तिच्यावर फोन ठेवा. शून्यापासून सुरुवात करा. ओटीपोटाच्या पुढच्या भागावर दाब वाटला तर टोक एक अंश खाली, फार तर दोन. त्यापलीकडे जावं लागत असेल तर दोष कलाचा नाही. सीट उंच आहे किंवा तिचा आकारच तुमच्या बैठकीला जुळत नाही.

दोन बोल्टांचा सीटपोस्ट असेल तर एक बोल्ट अर्धा फेरा ढिला करून दुसरा तेवढाच कसा. कल हळूहळू सरकतो. एकाच बोल्टची दातेरी पकड असेल तर ती दात्यादात्याने उडी मारते, त्यात हवा तो अंश मिळेलच असं नाही. तिथे नेमका मधला कल मिळावा म्हणून दाते अर्धवट बसवून कसू नका, वाटेत पकड सुटते.

टोक वर असेल तर काय? मग माणूस ओटीपोट मागे ढकलतो, पाठीला पोक येतो, आणि खुर्चीवरच्या प्रयोगातली ती मांसाची घडी परत येते. दोन्ही बाजूंनी मार मानेलाच.

पुढे-मागे

हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे सरकवणं ही फार मोहाची चूक आहे. वरवर रीच, म्हणजे हँडलपर्यंतचं अंतर, कमी होते, पण बूड पुढे आलं की शरीराचा तोल हातांवर जातो. सीटची जागा पायांसाठी लावायची असते, हातांसाठी नाही.

क्रँक जमिनीला समांतर ठेवा, पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाला ओळंबा लावा. दोरा पेडलच्या आसापाशी पडावा. हा काही निसर्गनियम नाही, सेंटिमीटरभर मागे पडला तरी चालतं. पुढे पडत असेल तर सीट मागे घ्या. सीट १ सेमी मागे घेतली की पेडलपासूनचं अंतर साधारण ३ मिमीने वाढतं, तेव्हा उंची तेवढी कमी करायला विसरू नका.

मग परीक्षा. ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायचा स्टँड, असेल तर त्यावर, नसेल तर मित्राला मागचं चाक दोन्ही पायांत धरायला लावून, पुढचं चाक भिंतीला टेकवून बसा. हात हँडलवरून दोन बोटांएवढे वर उचला. क्षणभर तरी पोटाच्या जोरावर राहता आलं तर ठीक. लगेच पुढे कोसळत असाल तर सीट अजून पुढे आहे किंवा पोटाचे स्नायू कच्चे आहेत. माझ्या बाबतीत दोन्ही.

इथवर येऊन थांबा. बाकी काही न बदलता दोन-तीन फेऱ्या मारा. माझी निम्म्याहून जास्त तक्रार इथेच मिटली, आणि स्टेमची खोकी कपाटात तशीच राहिली.

उरलेलं दुखणं नेमकं कुठे आहे?

मित्राला सांगून बाजूने व्हिडिओ काढून घ्या, पण पहिल्या पाच मिनिटांत नको. तेव्हा सगळेच छान बसतात. पंधरा-वीस किलोमीटर झाल्यावर, कॅमेऱ्याचा विसर पडल्यावर काढा. कोपरं सरळ आहेत का? खांदे आणि कान यांत अंतर किती? मानेच्या मागे वळी पडलीय का?

कवटीच्या लगेच खाली, मधोमध दुखत असेल तर डोकं फार वर उचलावं लागतंय. हँडल खाली आहे किंवा पाठीला पोक आहे. मान आणि खांद्याच्या मधल्या उतारावर, म्हणजे पिशवीचा पट्टा जिथे रुततो तिथे दुखत असेल तर हँडल लांब आहे, फार रुंद आहे किंवा कोपरं ताठ आहेत. एकाच बाजूला दुखत असेल तर सीट वाकडी बसलीय का, दोन्ही ब्रेक लिव्हर एका उंचीवर आहेत का ते बघा. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे मागे पाहताना मान नेहमी उजवीकडेच वळते. मला उजव्या टोकाला लावलेल्या छोट्या आरशाने यात जो आराम दिला, तो महागड्या वस्तूंनी दिला नाही. रोड बाइकवाले आरशाला हसतात. हसू देत.

लिव्हर आणि हँडलबार

ड्रॉप हँडल, म्हणजे टोकं खाली वळलेलं, असेल तर हात हूडवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठीवर, ठेवून मनगट पाहा. हस्तांदोलन करताना असतं तसं सरळ हवं. हूड खाली झुकलेले असतील तर समोरचा बोल्ट ढिला करून अख्खा बार किंचित वर फिरवा. पाच अंशांनीही हात जवळ आल्यासारखे वाटतात. बारची रुंदी खांद्यांच्या दोन हाडांमधल्या अंतराएवढी हवी. दुकानातल्या सायकलींवर ती फ्रेमच्या मापाप्रमाणे येते, तुमच्या खांद्यांप्रमाणे नाही.

नागपुरात बरेच जण सरळ हँडलच्या हायब्रिड किंवा एमटीबीवरच (माउंटन बाइकवरच) लांब जातात, त्यांचा त्रास वेगळा. सरळ बार बहुतेकदा गरजेपेक्षा रुंद असतो, कोपरं बाहेर फाकतात आणि खांदे वर येतात. कापायची घाई करू नका. आधी ग्रिप आणि लिव्हर दोन्ही बाजूंनी सेंटिमीटरभर आत सरकवून आठवडाभर चालवा, बरं वाटलं तरच टोकं कापा. लिव्हर खाली कलवा, बोटं त्यावर ठेवल्यावर हाताची रेषा मोडता कामा नये. सरळ बारवर हाताला एकच जागा मिळते, हाच त्याचा मोठा दोष. टोकांना शिंगांसारखे बार एंड लावले की दुसरी जागा मिळते.

आता स्टेम

स्टेमची पाळी आत्ता आली. सायकल दोनांपैकी कुठल्या प्रकारची आहे ते आधी पाहा.

जुन्या किंवा साध्या सायकलींत स्टेम फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, नळीत उतरतो आणि वर एकच बोल्ट असतो. तो दोन-तीन फेरे ढिला करा, बोल्टच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलका ठोका, आतली पाचर सुटेल. मग स्टेम वर ओढा. त्यावर कमीत कमी किती आत हवा याची रेघ कोरलेली असते. ती रेघ बाहेर दिसू लागली की स्टेम कधीही उपटू शकतो, तेव्हा ती आतच राहू द्या.

आजकालच्या बहुतेक सायकलींत स्टेम फोर्कच्या नळीला बाहेरून आवळलेला असतो, त्याच्या खाली-वर गोल कड्या, म्हणजे स्पेसर, असतात. स्टेमच्या वर स्पेसर शिल्लक असतील तर ते खाली घ्या, म्हणजे फुकटात हँडल वर. १० मिमीचा एक स्पेसर खाली गेला की हँडल तेवढं वर येतं आणि नळी मागे कललेली असल्याने साधारण ३ मिमी जवळही येतं. स्पेसर उरलेच नसतील तर स्टेम उलटा करून पाहा. १०० मिमी लांब आणि ६ अंशांचा स्टेम नाकाड खाली असेल तर उलटा केल्यावर हँडल सुमारे २ सेमी वर आणि अर्धा सेमी जवळ येतं. नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

काम असं. सायकल भिंतीला टेकवा, पुढचं चाक जमिनीवरच राहू द्या. सायकल उचललेली असेल तर वरची टोपी काढल्यावर फोर्क खाली निसटतो. स्टेम उलटा करायचा असेल तर आधी पुढची पट्टी उघडून बार सोडवून घ्या. मग स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट ढिले करा, त्यानंतर वरच्या टोपीचा. स्टेम आणि स्पेसर काढून हव्या त्या क्रमाने परत घाला, बार सोडवला असेल तर तोही परत बसवा. सगळं बसल्यावर फोर्कची नळी वरच्या कडेपासून दोन-तीन मिमी खालीच राहिली पाहिजे, नाहीतर टोपीला दाबायला जागाच उरत नाही. टोपीचा बोल्ट कसा, पण हा बोल्ट हँडल धरून ठेवण्यासाठी नसतो, फक्त बेअरिंगमधली ढिलाई घालवण्यासाठी असतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. टकटक लागली तर टोपी अजून थोडी कसा. पुढचं चाक उचलल्यावर हँडल आपसूक एका बाजूला पडलं पाहिजे; अडखळत असेल तर जास्त आवळलंय. मग स्टेम चाकाच्या रेषेत आणा आणि बाजूचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे कसा. किती कसायचे तो आकडा स्टेमवर छापलेला असतो, बहुतेकदा ५ न्यूटन मीटरच्या जवळपास. लहान ॲलन कीने दोन बोटांच्या जोराएवढं समजा, मनगटाचा जोर लावू नका. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा, केबल ताणल्या जात नाहीत ना.

ब्रेक-गिअरच्या केबल स्टेमच्या आतून जात असतील तर हे घरी करू नका. फोर्कची नळी कार्बनची असेल तर स्टेमखाली ३० मिमीपेक्षा जास्त स्पेसर रचण्याआधी कंपनीची मर्यादा पाहा.

एका वेळी सेंटिमीटरभरच बदल करा. हँडल फार वर आणि फार जवळ आलं की पुढचं चाक हलकं होतं, खड्ड्याचा सगळा दणका पाठीत जातो, हात दुमडून खांदे पुन्हा कानांशी येतात. पहिल्या नव्या स्टेमने मी नेमकं तेच केलं होतं.

सायकलीबाहेरचे गुन्हेगार

दुपट्टा. मार्चपासून आपण तोंडाला बांधल्याशिवाय निघत नाही, आणि त्याची गाठ मारतो बरोबर मानेमागे. हेल्मेटची मागची कड त्या गाठीला अडते. डोकं वर करायला गेलं की गाठ आडवी येते आणि हेल्मेट कपाळावर सरकतं. मग समोरचं दिसावं म्हणून डोकं अजून वर. मी एका मे महिन्यात पहाटे पाच वाजता निघून आठला परतेपर्यंत हे सहन केलं आणि दोष सायकलीला देत राहिलो. दुपट्ट्याऐवजी डोक्यातून घालायचा पातळ बफ वापरा, किंवा गाठ बाजूला घ्या. हेल्मेटच्या पुढची टोपी निघत असेल तर काढा, तिच्याखालून पाहायलाही मान उचलावी लागते. घामाने नाकावर घसरणारा चष्माही तेच करतो. चष्म्याला मागून दोरी लावा.

पाठीवरची सॅकही नको. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, आणि ते खांद्यांच्या पट्ट्यांवर लटकतं. फ्रेमवर दोन बाटल्या आणि सीटखाली छोटी पिशवी बास होते. पहाटेचा दिवा हेल्मेटला न लावता हँडलला लावा.

आणि आपले सिमेंटचे रस्ते. खड्डे नाहीत हे खरं, पण दर काही मीटरला सांधा येतो आणि टक, टक, टक करत दणका हातांतून मानेपर्यंत जातो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायचीच असं नाही. सत्तर किलोच्या माणसाला २८ मिमीच्या टायरला ७० ते ८० पीएसआय पुरतं. फ्रेममध्ये जागा असेल तर २५ ऐवजी २८ किंवा ३२ मिमीचे टायर घाला.

कुठे तपासायचं

प्रत्येक बदलानंतर मी आधी फुटाळा ते सेमिनरी हिल्स असे फेरे मारून वीसेक किलोमीटर करतो. घर जवळ असतं, चढ-उतार मिळतात, ॲलन की खिशात असते. तिथे ठीक वाटलं की कामठी-कन्हान जाऊन-येऊन. रामटेक सगळ्यात शेवटी. दुखणं किती किलोमीटरला सुरू झालं ते वहीत लिहा. 'कमी दुखलं' असं लिहून काही कळत नाही. 'आधी ४०, आता ६५' असं लिहिलं की कळतं. आणि ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरं करायच्या लांब फेरीच्या, आदल्या आठवड्यात काहीही हलवू नका. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, त्यातले सहा तास मी चुकीच्या सीटवर काढून पाहिलेत.

चालवताना दर दहा-पंधरा मिनिटांनी हातांची जागा बदला आणि थोडं उभं राहून पेडल मारा. रस्ता मोकळा असेल तेव्हा हनुवटी आत ओढून मान लांब करा. मी दर वेळी पाण्याचा घोट घेतला की खांदे खाली सोडतो; आता बाटलीला हात लागला की ते आपोआप उतरतात. घरी रोज हनुवटी आत ओढून पाच सेकंद धरायचं, असं दहा वेळा. पाठीच्या वरच्या भागाखाली टॉवेलची गुंडाळी आडवी ठेवून दोन मिनिटं पडून राहायचं. आणि प्लँक, कारण पोट दमलं की त्याचं काम हात करतात. एवढं सगळं करूनही स्टेम ७० मिमीच्याही खाली आणावा लागत असेल तर फ्रेमच मोठी आहे हे मान्य करा. सवलतीत मिळाली म्हणून एक नंबर मोठी फ्रेम घेणाऱ्यांत मीही होतो. एका दुकानाने "स्टेम बदलून जमून जाईल" म्हटलं आणि मी ऐकलं.

सीटपोस्टवरचा टेपचा वेढा काढून टाकू नका, नव्या जागी नवा मारा. सर्व्हिसिंगला दिली की मुलगा सीट खाली करून एक चक्कर मारतो आणि परत अंदाजाने वर करतो. परवाच माझी ८ मिमी उंच होऊन आली. टेप पाहिली म्हणून दुकानाच्या दारातच कळलं.